कवितेच्या अनुवादासाठी अनुदान: पुस्तक व्हायच्या आधीचे पैसे कोण देतं?

मांजराकाठ

मंडळी नमस्कार. मी उदगीर तालुक्यात शाळेवर आहे. आई बिदरकडची, त्यामुळं घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. गेली चार वर्षं मी एका आजच्या कन्नड कवयित्रीच्या कविता मराठीत आणतोय. तिची लेखी परवानगी आहे. ६२ कविता झाल्या, त्यातल्या चाळीसेक मला स्वतःला पटतात. उरलेल्यांवर अजून बसायला पाहिजे.

एका प्रकाशकांकडं गेलो. कविता आवडल्या म्हणाले, पण निम्म्या प्रती तुम्हीच घ्यायच्या. शिक्षकाच्या पगारात तेही जमवीन एकवेळ, पण माझी अडचण वेगळी आहे. मला दोन महिने पाहिजेत. धारवाडला जाऊन तिच्यासोबत बसायचं आहे, एकेक ओळ तिच्या तोंडून ऐकायची आहे. त्यासाठी बिनपगारी रजा, जाणं-येणं, राहणं.

पुरस्कारांची माहिती पुष्कळ मिळते. पण पुरस्कार पुस्तक झाल्यावर. पुस्तक होण्यासाठी लागणारा वेळ विकत घ्यायला, म्हणजे काम चालू असताना, कवीला किंवा अनुवादकाला पैसे देणारं कुणी आहे का? कुणी घेतलेत का? अनुभव सांगा.

शब्दवेडी

माहिती नाही, पण धाग्यावर बसून आहे. आणि एखादी कविता टाका की इथे!

जुनाखुंट

मांजराकाठ, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण मूळ कल्पनाच मला पटत नाही. कवीला अनुदान कशासाठी? तुकोबांना कुणी पाठ्यवृत्ती दिली होती? अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे दोघांनीही जाहिरात क्षेत्रात नोकऱ्या केल्या आणि कविता लिहिली. पोट एकीकडे, कविता एकीकडे, हीच स्वच्छ व्यवस्था. पैसे आले की देणाऱ्याच्या आवडीचं लिहिणंही येतं.

अर्धविराम

जुनाखुंटकाका, चित्र्यांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. १९७५ साली त्यांना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाची पाठ्यवृत्ती मिळाली आणि ते तिकडे गेले. म्हणजे त्यांनाही कुणीतरी वेळ दिला होता. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेण्याचं त्यांचं काम तर कित्येक वर्षं चाललं. १९९४ साली साहित्य अकादमीने त्या अनुवादाला पुरस्कार दिला. मांजराकाठ म्हणतात तो मुद्दा इथेच आहे, मधल्या वर्षांचं काय?

आणि तुकोबा. वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवून बसलेला माणूस आहे तो. त्या घरात जिजाईने काय सोसलं ते अभंगांतच आहे. त्यांचं उदाहरण देऊन आजच्या कवीला ‘तूही उपाशी राहा’ असं सांगणं मला बरं वाटत नाही.

जुनाखुंट

जिजाईचा मुद्दा मान्य. उपाशी राहा असं मात्र म्हटलेलं नाही, नोकरी करा म्हटलं.

प्रूफवाला

पंचवीस वर्षं प्रकाशन व्यवसायात आहे. आधी मुद्रितं तपासली, आता छोटं प्रकाशन आहे. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

आमच्याकडे कवितासंग्रहाची आवृत्ती तीनशे प्रतींची असते. त्यातल्या शंभर-सव्वाशे कवीच्या ओळखीत जातात, पन्नास परीक्षणासाठी आणि भेट म्हणून. उरलेल्या प्रदर्शनांतून विकायला दोन-तीन वर्षं लागतात. अनुवादित कविता असेल तर ओळखीतला आकडा आणखी खाली येतो, कारण मूळ कवीची माणसं दुसऱ्या भाषेत असतात. ‘निम्म्या प्रती घ्या’ हे मलाही आवडत नाही, पण ते का म्हटलं जातं ते एवढ्यावरून कळेल.

आता योजना. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. त्यांची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याने हस्तलिखित पाठवायचं, ते तपासलं जातं, निवड झाली की प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. कितीतरी कवींचे पहिले संग्रह या वाटेने आलेत. माझ्याकडून गेलेल्या एका मुलीचा संग्रह असाच आला. तिच्या गावात त्या दिवशी शाळेने प्रभातफेरी काढली होती! पण ते अनुदान छपाईचं. लिहिण्याचं नाही.

साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार १९८९पासून आहे. २४ भाषा, प्रत्येकी ५० हजार. तोही छापलेल्या पुस्तकाला. अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट स्वतः अनुवाद करून घेतात, ट्रस्टची ‘आदान-प्रदान’ मालिका त्यासाठीच आहे. त्यात मानधन मिळतं, पण पुस्तक ते ठरवतात. तुम्ही तुमच्या आवडीच्या कवयित्रीवर चार वर्षं घालवलीत, ते त्या चौकटीत बसेलच असं नाही.

काम चालू असताना भरीव रक्कम देणारी एक पाठ्यवृत्ती आहे ती न्यू इंडिया फाउंडेशनची. सहा महिने, ६ लाख रुपये, दहा भारतीय भाषांत मराठीही आहे. पण अनुवाद इंग्रजीत हवा आणि मूळ पुस्तक वैचारिक गद्य हवं. कॉम्रेड शरद पाटलांच्या मराठी ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाला ती मिळाली, ही आनंदाची गोष्ट. कवितेला मात्र दार बंद.

मांजराकाठ

प्रूफवाला सर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. ‘अनुवाद इंग्रजीत हवा’ हे वाक्य मला सगळीकडं भेटतंय. लंडनच्या इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेची ‘पेन प्रेझेंट्स’ नावाची योजना वाचली. २०२२ साली त्यांनी पहिल्याच फेरीत भारतीय भाषा घेतल्या होत्या. त्यात पुस्तक व्हायच्याही आधी, नुसता नमुना अनुवाद करायला निवडलेल्या अनुवादकाला ५०० पौंड देतात. वाचून अंगावर काटा आला, कारण नेमकं हेच मला हवं होतं. पण जायचं इंग्रजीतच.

कन्नडमधून मराठीत येणं म्हणजे शेजारच्या घरात जाणं. त्याला कोण पैसे देणार?

तुळस

मांजराकाठदादा, शेजारच्या घराचं म्हणालात म्हणून लिहिते. कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्या उमाताई कुलकर्णींची गोष्ट इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांचे यजमान विरूपाक्ष यांनी कन्नड पुस्तकं वाचून टेप करून ठेवायची, उमाताईंनी ती ऐकत ऐकत मराठीत उतरवायची. १९८९ साली अकादमीने अनुवादाला पुरस्कार द्यायला सुरुवात केली तेव्हा मराठीतला पहिलाच पुरस्कार त्यांनी केलेल्या, कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला मिळाला. एका घराने, नवऱ्याची नोकरी सांभाळून, आख्ख्या मराठी वाचकांना भैरप्पा दिले. त्या घराने स्वतःच स्वतःला अनुदान दिलं असं मी म्हणेन.

सगळ्या घरांत ते होत नाही. मी गुजरातीतून अनुवाद करते. माझी वेळ रात्री साडेदहा ते साडेबारा. सासूबाईंचं औषध देऊन झालं की ओट्याशेजारच्या टेबलावर बसते. गद्य त्या वेळात होतं. कविता होत नाही. कवितेला सकाळ लागते, आणि सकाळ डब्यांची असते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने माझ्याकडून ऐंशी पानं करून घेतली, ‘मानधन नंतर पाहू’ म्हणाले, ते नंतर अजून आलेलं नाही. त्यामुळे ‘पोट एकीकडे, कविता एकीकडे’ हे वाचलं की मला विचारावंसं वाटतं, काका, आणि घर कुठे?

जुनाखुंट

तुळसताई, हा विचार मी केला नव्हता. खरंच केला नव्हता.

हडसनपार

मी इकडे न्यू जर्सीत ग्रंथपाल आहे. अनुवादाच्या पैशांची एक गोष्ट मला फार प्रिय आहे, ती सांगते.

मायकल हेन्री हाइम नावाचे प्राध्यापक लॉस एंजेलिसला शिकवायचे. चेक, रशियन, जर्मन, हंगेरियन अशा कितीतरी भाषांतून त्यांनी अनुवाद केले. कुंदेरा आणि चेखॉव्ह इंग्रजीत नेणाऱ्यांपैकी ते एक. २००३ साली पेन अमेरिका या संस्थेला कुणीतरी ७ लाख ३४ हजार डॉलर दिले. अट एकच, देणाऱ्याचं नाव बाहेर येता कामा नये. त्या पैशांतून दरवर्षी अनुवादकांना अनुदानं सुरू झाली, साधारण २ ते ४ हजार डॉलरची. मोठी रक्कम नाही, पण हातात प्रकाशक नसतानाही अर्ज करता येतो, अर्धवट हस्तलिखितावर. ते अनुदान मिळालं म्हणून प्रकाशक तयार झाले असं पुष्कळदा घडलं. २०१२ साली हाइम गेले तेव्हा उघड झालं की ते पैसे त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे होते. आयुष्यभराची बचत! आज त्या निधीला त्यांचं नाव आहे.

सरकारी बाजू सांगायची तर इथल्या राष्ट्रीय कला निधीकडून १९८१पासून अनुवादकांना पाठ्यवृत्त्या मिळत आल्या. कवींनाही २५ हजार डॉलरची पाठ्यवृत्ती असायची, एक वर्ष कविता, एक वर्ष गद्य. परीक्षकांना नाव न दाखवता फक्त कविता वाचायला देत. पण २०२५च्या मे महिन्यात कितीतरी साहित्यसंस्थांची मंजूर अनुदानं ईमेलवर रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये लेखकांच्या पुढच्या वर्षीच्या पाठ्यवृत्त्याही. माझ्या ओळखीच्या एका कवयित्रीने अर्ज भरून ठेवला होता. त्यामुळे सरकारवर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं.

जुनाखुंट

हडसनपार, हेच तर मी म्हणत होतो. सरकार देतं ते सरकार काढूनही घेतं. लांब कशाला जा? २०२२च्या डिसेंबरात आपल्याकडे माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या आठवणींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरात शासन निर्णय काढून रद्द झाला. निवड समितीही बरखास्त. मंडळावरच्या प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेमंत दिवटे यांनी राजीनामे दिले. पुस्तक आवडो न आवडो, समितीने ठरवलेलं मागे घेतलं गेलं ते चूकच होतं.

अर्धविराम

या एका बाबतीत काका आणि मी एकाच बाजूला. नोंद करून ठेवा.

फक्तगद्य

पण त्या पुस्तकात काय होतं ते तरी बघा की आधी…

व्यवस्थापक

पुस्तकातल्या राजकारणावर स्वतंत्र धागा काढावा. इथे अनुदानाबद्दल बोलू या. काही प्रतिसाद हलवले आहेत.

डब्लिनकर

समिती नकोच असेल तर आयर्लंडचं ऐका. २०२२ साली इथे सरकारने कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला. दर आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं, २ हजार कलावंतांना. निवड कशी? किमान पात्रता तपासली आणि मग चिठ्ठ्या! म्हणजे तुमची कविता चांगली की वाईट हे कुणी ठरवलंच नाही. माझ्या वरच्या मजल्यावर आयरिश भाषेत लिहिणारा एक कवी राहतो, त्याची चिठ्ठी निघाली. आधी आठवड्याचे पाच दिवस उपाहारगृहात होता, मग दोनच दिवस जायचा. काय लिहिलंस म्हणून त्याला कुणी हिशेब विचारला नाही.

सरकारने नंतर नफा-तोट्याचा अभ्यास केला, तर खर्चाच्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोचा लाभ दिसला. आता ही योजना कायम करायचं ठरलंय. आयरिश आज रोज बोलणारे थोडे, तरी त्या भाषेतल्या कवीला हे लोक जपतात. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर.

प्रूफवाला

डब्लिनकर, चिठ्ठ्यांची पद्धत भारी आहे. प्रकाशकांच्या बाजूने आणखी एक, नॉर्वेत १९६५पासून सरकार नव्या साहित्यकृतींच्या प्रती ग्रंथालयांसाठी विकत घेतं, कवितेच्याही. म्हणजे प्रकाशकाला ‘निम्म्या प्रती तुम्ही घ्या’ म्हणावंच लागत नाही.

आणि घरचं उदाहरण हवं तर तामिळनाडू बघा. २०२३च्या जानेवारीत त्यांनी चेन्नईत आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा सुरू केला. तमिळ पुस्तकं दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या प्रकाशकांना राज्य सरकार अनुवाद अनुदान देतं. महाराष्ट्राला हे सहज परवडेल. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, मीही वाटले. पण अभिजात म्हणजे जुन्या ग्रंथांचा अभ्यास, अध्यासनं, अभ्यासकांचे पुरस्कार. ते व्हायलाच हवं. मात्र आज वयाच्या तिशीत लिहिणारा कवी त्यात कुठेच येत नाही, आणि शंभर वर्षांनी अभिजात ठरणारं काही आहे ते आज तोच लिहितोय.

कोकणकडा

माझी एक सूचना. भिलार! पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ साली झालं. घराघरांत पुस्तकं आहेत, गावात राहायच्या खोल्या आहेत, पावसाळ्यात पर्यटक कमी. जुलै-ऑगस्टमध्ये दहा कवी-अनुवादकांना तिथे महिनाभर ठेवायला किती खर्च येईल? स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल तेवढंच.

शब्दवेडी

स्ट्रॉबेरी नसेल तर कविता उदास होतील. तरी अनुमोदन!

अर्धविराम

कोकणकडा, कल्पना उत्तम. असं निवासी काम मी अनुभवलंय, दक्षिणेत, तीन आठवडे. पैसे नव्हते, खोली आणि दोन वेळचं जेवण होतं. पहिले चार दिवस मी नुसता झोपलो आणि अपराधी वाटून घेतलं. पाचव्या दिवशी पहाटे एक कविता सुटली जी दीड वर्ष अडली होती. मग रोज दोन. जेवताना एक मल्याळम अनुवादिका शेजारी असायची, तिला माझी ओळ समजावून सांगताना मलाच ती नव्याने कळायची. बंगळुरूजवळचं संगम हाउस २००८पासून लेखक-अनुवादकांना असं बोलावतं, मांजराकाठ, तिथे जरूर अर्ज करा. आणि कर्नाटक सरकारचं कुवेंपु भाषा भारती प्राधिकार आहे, अनुवादासाठीच काम करतं. तुमची कवयित्री कन्नड आहे, तेव्हा तिकडून विचारणा तिनेच केली तर वजन पडेल.

मांजराकाठ

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिलाच विचारतो.

शब्दवेडीताईंनी कविता मागितली होती. परवानगी पुस्तकात छापण्यापुरतीच आहे, त्यामुळं आख्खी टाकत नाही, एक शब्द टाकतो. तिच्या कवितेत ‘तवरु’ येतो. लग्न झालेल्या बाईचं आईबापाचं घर. मराठीत मी ‘माहेर’ लिहिलं आणि पुढं गेलो, एका क्षणात. सासुरवाशीण, ओटी, जात्यावरच्या ओव्या, सगळं त्या शब्दामागं आपोआप आलं. हीच कविता इंग्रजीत नेणाऱ्या बाईंशी बोललो, त्यांना त्या एका शब्दापायी दोन ओळी वाढवाव्या लागल्या.

तुळस

गुजरातीत पियर! वाचताना डोळे भरले हो दादा.

हडसनपार

ज्या कामात एका शब्दाने एवढं जमतं त्यालाच पैसा नाही आणि जिथे दोन ओळी वाढतात तिथे आहे, हे मला बोचलं. इथली मराठी माणसं देतात, १९९४पासून महाराष्ट्र फाउंडेशन साहित्य पुरस्कार देतंच आहे. त्याच धर्तीवर चालू कामासाठी लहान अनुदान का नको? आपण इथल्या इथे सुरुवात करू. दहा जणांनी दरमहा हजार रुपये, सहा महिने. साठ हजारांत धारवाडचे दोन महिने होतात ना?

प्रूफवाला

मी आहे. आणि अर्ज नीट असू द्या, ओळखीतलं असलं तरी. दहा कवितांचा नमुना मूळ पानासह, परवानगीचं पत्र, दोन महिन्यांत नेमकं काय होईल ते एका पानात, खर्च एका पानात. पुढे कुठेही हाच कागद चालेल. नमुना कन्नड येणाऱ्या एखाद्या तिऱ्हाइताकडून तपासून घेऊ.

जुनाखुंट

माझेही हजार धरा. कन्नड येतं मला, हुबळीला अकरा वर्षं नोकरी केली. तपासायला पाठवा. ओळखपाळख ठेवणार नाही.

मांजराकाठ

काल रात्री हे सगळं वाचलं आणि थोडा वेळ काही सुचलं नाही. पैसे मी घेईन, नाही म्हणायचा मोठेपणा करत नाही. एक अट आहे. पहिले दहा हजार मूळ कवयित्रीला. तिच्या शब्दांवर मी राबतोय आणि आजवर तिला मी एक रुपया दिलेला नाही.

तिला आज दुपारी फोन केला. प्राधिकाराला ती पत्र लिहिते म्हणाली. दहा हजारांचं सांगितलं तर म्हणाली, पैशाचं नंतर बघू, आधी तुझी मराठी मला वाचून दाखव. म्हटलं, तुम्हाला मराठी समजेल? तर हसली. तिचं तवरु अक्कलकोटजवळचं आहे. चार वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

तीन कविता वाचल्या. दुसऱ्या कवितेत तिनं मला दोनदा थांबवलं.

जुनाखुंट

कुठल्या ओळींवर थांबवलं ते लिहून ठेवा. आणि नमुना रविवारपर्यंत पाठवा.